पांढरी रेघ दिसते तेव्हा: नवी मुंबईतील अंगणवाडी दंतआरोग्याचे एक प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, एमआयडीसीचे कारखाने आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्या आहेत. हे प्रकरण अशाच वस्तीचे. कोणा एका वस्तीचा हा अहवाल नव्हे. या पट्ट्यात पुन्हापुन्हा दिसणारी परिस्थिती एकत्र करून, लहान मुलांच्या दातांचा कार्यक्रम कसा आखावा आणि तो कुठे अडतो, हे त्यातून मांडले आहे. मुलांच्या संख्या हिशेबापुरत्या धरल्या आहेत. मात्रा आणि पद्धती मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत.

परिस्थिती

वस्तीत आठ अंगणवाड्या. ३ ते ६ वर्षांची ३६० मुले पटावर, आणि १ ते ३ वर्षांची ३२० मुले सेविकांच्या सर्वेक्षण नोंदीत. बहुतेक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत, आत नळ नाही, मदतनीस पाणी बाहेरून भरून आणते. वडील नाक्यावर किंवा कारखान्यात कंत्राटी कामाला, आई घरकामाला किंवा भाजी निवडायला. सकाळी घराबाहेर पडायची घाई, त्यामुळे मुलाची न्याहरी म्हणजे चहात बुडवलेली बिस्किटे. दुपारी मूल रडले की पाच रुपयांची खाऊची पुडी. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच मूल झोपते. घरातल्या एखाद्या आजीला मशेरीची सवय असते. दात येताना नातवाच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून तीच तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने हिरडीला चोळली जाते.

वर्षातून एकदा शिबिर होते. दंतवैद्य येतात, मुलांना ओळीत बसवून तपासतात, तक्ता भरतात, ब्रश-पेस्टचे पाकीट देतात, आणि किडके दात असलेल्यांच्या हाती रुग्णालयात जायची चिठ्ठी. पुढच्या वर्षी त्याच मुलांचे दात आणखी खराब झालेले दिसतात, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचेही.

शिबिर करणारे प्रामाणिक असतात, मेहनतही घेतात. तरी हाती फार लागत नाही, याची कारणे दोन. ती दोन्ही नीट समजून घेतल्याशिवाय पुढची आखणी करू नये.

शिबिराला काय दिसत नाही

पहिले कारण वयाचे. शिबिरात बसते ते ३ ते ६ वर्षांचे मूल. बाटलीची कीड मात्र वरचे पुढचे दात आल्यावर, म्हणजे वर्षाच्या आसपासच सुरू होते. झोपेत लाळ जवळजवळ आटते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले आणि लाळग्रंथींच्या तोंडाशी असल्यामुळे बहुधा वाचतात. वरचे चार दात खराब आणि खालचे स्वच्छ, असे चित्र दिसले की बाटलीची चौकशी करावी.

दुसरे कारण तक्त्याचे. शिबिरात साधारणपणे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने किडलेले, काढलेले आणि भरलेले दुधाचे दात मोजतात. या पद्धतीत दाताला खड्डा पडला असेल तरच तो किडलेला धरतात. खड्ड्याच्या आधीची पायरी तक्त्यात येतच नाही, आणि फ्लोराइड लावून, सवय बदलून परत फिरवता येते ती तेवढीच पायरी.

ती पायरी डोळ्यांनी ओळखता येते. मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने वर उचला. पुढच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढल्यासारखी निस्तेज पांढरी रेघ दिसते का पाहा. दात ओला असताना ही रेघ लपते, कारण पृष्ठभागाखालून क्षार निघून गेल्याने पडलेली सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरलेली असतात. गॉजने दात पुसून पाच-सात सेकंद थांबले की ती उमटते. बाकीचा दात काचेसारखा चमकतो आणि रेघ तेवढी मंद राहते. उपचार लागू पडला तर तीच रेघ हळूहळू गुळगुळीत आणि चकचकीत होते. नाही पडला तर पिवळट, मग तपकिरी होते आणि दात हिरडीपाशी कुरतडल्यासारखा तुटतो.

दीड वर्षाच्या मुलाला ही रेघ असेल तर शिबिरात ते मूल येत नाही. आलेच तर तक्त्यात त्याच्यापुढे शून्य पडते. दोन वर्षांनी ते पटावर येते तेव्हा चिठ्ठीच्या रांगेत असते.

सहा महिन्यांचे घड्याळ

फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप, दर सहा महिन्यांनी लावावे लागते. दंतवैद्यकाच्या कार्यक्रमांना हीच गोष्ट जड जाते: पहिली फेरी उत्साहात होते, दुसरी राहते. दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा परवानगी, पुन्हा तारीख, पुन्हा मुलांना गोळा करणे.

पण त्याच वस्तीत सहा महिन्यांचे एक घड्याळ आधीपासून चालू आहे. 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ महिन्यांना गोवर-रुबेला लसीबरोबर, दुसरा १६ ते १८ महिन्यांना, आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण ९ डोस. जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, मूल एक वर्षाचे झाल्यापासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही अंगणवाडीला वर्षातून दोनदा यायचे असते, आणि तपासायच्या आजारांत दातांची कीड आहेच. (हा कार्यक्रम देशात फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते.)

म्हणून या प्रकरणातला मुख्य निर्णय असा: वेगळे दंतशिबिर बंद. वार्निशची फेरी 'अ' जीवनसत्त्वाच्या फेरीला बांधायची. तारीख ठरवण्याचे, मुलांना बोलावण्याचे आणि राहिलेल्यांना शोधण्याचे काम एएनएम (आरोग्य केंद्राची परिचारिका), आशा आणि सेविका तसेही करत असतातच. दंतपथकाने फक्त त्या दिवशी हजर राहायचे. नेरूळ, खारघर, कामोठे पट्ट्यात दंत महाविद्यालये आहेत, त्यामुळे मनुष्यबळ फार लांबून आणावे लागत नाही. अडचण वेगळीच असते: इंटर्न बदलत राहतात. वस्तीची ओळख आणि नोंदवही त्यांच्याकडे ठेवली तर दर बदलीला सगळे पहिल्यापासून सुरू होते. नोंदवही सेविकेकडेच राहिली पाहिजे.

एक खबरदारी. नव्या वस्तीत पहिली फेरी लसीच्या दिवशी घेऊ नये. गोवर-रुबेला किंवा डीपीटीनंतर रात्री मुलाला ताप येऊ शकतो, आणि आई म्हणते, "दाताला ते पिवळं लावलं, म्हणूनच ताप आला." एकदा ही गोष्ट गल्लीत फिरली की दुसऱ्या फेरीला दारे बंद. पहिल्यांदा इंजेक्शन नसलेला दिवस निवडा. वार्निश ओळखीचे झाले की मग लसीच्या दिवशीही चालते. तेव्हा क्रम वजन, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, वार्निश आणि शेवटी इंजेक्शन असा ठेवावा. जंतनाशक गोळी चघळायची असते, म्हणून तीही वार्निशच्या आधी.

वार्निशचा दिवस

वार्निश म्हणजे ५ टक्के सोडियम फ्लोराइड, २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत २२,६०० भाग फ्लोराइड). आकडा मोठा आहे, म्हणून मात्रा मोजूनच घ्यायची. दुधाचे सगळे दात आलेल्या मुलाला ०.२५ मिली, चार-आठच दात असलेल्या तान्ह्याला ०.१ मिली पुरते. ०.२५ मिलीत साधारण ५.६ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. १२ किलोच्या मुलाने ते सगळे गिळले तरी किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी पडते. तातडीने उपचार लागण्याची शक्यता धरतात ती पातळी किलोमागे ५ मिलिग्रॅमची. हे अंतर पथकातल्या प्रत्येकाला माहीत हवे, कारण हा प्रश्न आईकडून येतोच.

फेरीचा हिशेब: ३६० मुलांना ०.२५ प्रमाणे ९० मिली, ३२० मुलांना ०.१ प्रमाणे ३२ मिली, एकूण १२२. ट्यूबमध्ये आणि ब्रशला अडकून वाया जाणारे २० टक्के धरले तर सुमारे १४६ मिली, म्हणजे १० मिलीच्या १५ ट्यूब. वर्षाला ३०. ट्यूब वापरण्याआधी बोटांनी नीट मळावी लागते, नाहीतर फ्लोराइडचा गाळ तळाशी राहतो आणि पहिल्या मुलांना नुसती राळ लागते. ही चूक फार होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मुलामागे एक अप्लिकेटर (लेप लावायचा छोटा ब्रश), दोन गॉज, हातमोज्यांचा एक जोड. खोलीत उजेड कमी असतो, म्हणून कपाळावरचा दिवा हवाच. मोबाइलचा उजेड धरायला एक माणूस अडकून पडतो. नोंदीसह मुलामागे तीन मिनिटे धरली तर तासाला २०. सकाळच्या अडीच तासांत ५०. एका पथकाला एका फेरीला १४ दिवस लागतात. "दोन दिवसांत उरकू" म्हणणारा आराखडा कागदावरच राहतो.

तान्ह्या मुलाला खुर्चीत बसवायचा प्रयत्न करू नये. आई आणि तपासणारा समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या कमरेभोवती पाय टाकते, आणि आई त्याला मागे झुकवून डोके तपासणाऱ्याच्या मांडीवर देते. हात आईच्या हातात. मूल रडते, पण रडताना तोंड उघडे असते आणि त्याला आई दिसत असते. गॉजने दात पुसायचे, वार्निशचा पातळ थर द्यायचा, आधी वरच्या पुढच्या दातांच्या हिरडीकडच्या कडेला, मग दाढांना. लाळ लागताच थर घट्ट होतो. अंगावरचे दूध लगेच चालते. कडक खाऊ संध्याकाळपर्यंत नको, आणि त्या दिवशी ब्रश नको. दात एक-दोन दिवस पिवळट दिसतील, हे लावण्याआधी सांगायचे. नंतर सांगितले तर तो बचाव वाटतो.

कुणाला लावायचे नाही: तोंडात फोड किंवा जखमा असतील, दम्यासाठी किंवा ॲलर्जीसाठी पूर्वी दाखल करावे लागले असेल, चिकटपट्टीने अंगावर पुरळ उठत असेल. वार्निशमध्ये राळ असते, म्हणून हा शेवटचा प्रश्न. 'मुलाला कसली ॲलर्जी आहे का' असे विचारले तर उत्तर नेहमी 'नाही' येते; 'पट्टी लावली की अंग लाल होतं का' असे विचारावे.

वार्निश लावल्याची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर लिहायची. मे महिन्यात किंवा दिवाळीला कुटुंब गावी जाते आणि तिथेच चार महिने राहते. तेव्हा वस्तीतली नोंदवही कामाची नसते, कार्ड मात्र आईच्या पिशवीत असते.

रोजचे ब्रशिंग, नळाशिवाय

पैसा एकाच गोष्टीला पुरणार असेल तर ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आम्ही वार्निशच्या आधी पेस्ट घेऊ. वार्निशने दुधाच्या दातांची कीड कमी होते याचा पुरावा भक्कम आहे; २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात) ही घट सरासरी ३७ टक्के होती. पण जिथे मुले रोज फ्लोराइड पेस्टने दात घासतात तिथे वार्निशची वरची भर लहान होत जाते. स्कॉटलंडच्या चाइल्डस्माइल कार्यक्रमाचा कणा बालवाडीतले रोजचे ब्रशिंगच आहे.

अंगणवाडीत नळ नाही ही अडचण वाटते, पण ब्रशिंगला पाणी लागतच नाही. कोरड्या ब्रशवर पेस्ट, दोन मिनिटे घासणे, थुंकणे, आणि चूळ न भरणे. चूळ भरली की दाताजवळचे फ्लोराइड धुऊन जाते. थुंकायला कागदी रुमाल किंवा वाळू घातलेला डबा. पेस्टचे माप ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढे, त्यापुढे वाटाण्याएवढे, म्हणजे अंदाजे ०.२५ ग्रॅम. ४५ मुले, महिन्याचे २५ दिवस: सुमारे २८० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या तीन ट्यूब.

पेस्ट निवडताना ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचावे. भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि आपल्याला हवी ती तेवढ्याचीच. मुलांचे चित्र असलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा त्याच्या निम्मे असते. वस्तीत चालणारे लाल मंजन तर दात खरवडते, फ्लोराइड देत नाही. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणासारख्या साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच थोडे असते, म्हणून पेस्टला पर्याय नाही. ट्यूब मात्र कपाटात, कुलपात: १०० ग्रॅमच्या पूर्ण ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असते आणि तिची चव मुलांना आवडते.

ट्यूबचे तोंड कधीही ब्रशला लावायचे नाही. सेविकेने ताटाच्या कडेला वाटाण्याएवढे थेंब अंतराने ठेवायचे; प्रत्येक मूल आपल्या ब्रशने आपला थेंब उचलते. ब्रशवर नावे लिहून उपयोग नाही, मुलांना वाचता येत नाही. प्रत्येकाला एक चित्र द्या: मासा, चिमणी, आंबा, छत्री. तेच चित्र स्टँडच्या भोकापाशी.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त बिघडते ते हे स्टँड. जून ते सप्टेंबर नवी मुंबईच्या हवेत ब्रश वाळत नाही, आणि झुरळे लागू नयेत म्हणून सेविका प्लास्टिकचे झाकण घालते. आत वाफ धरते, तंतूंच्या मुळाशी काळी बुरशी दिसते, एखादी आई ती पाहते आणि ब्रशिंग बंद पडते. उपाय साधा आहे: झाकणाऐवजी जाळी, स्टँड खिडकीपाशी उंच, ब्रश उभे आणि एकमेकांना न लागणारे, आणि पावसाळ्यात तीन महिन्यांऐवजी दोन महिन्यांनी बदल. हा जादा संच वार्षिक मागणीतच धरावा; ऑगस्टमध्ये मागायला गेले तर तो दिवाळीनंतर मिळतो.

काळा डाग, आणि "पडणारच आहेत की"

ज्या दातांना खड्डा पडला आहे पण दुखणे नाही, गळू नाही, त्यांना ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येते. मशीन नाही, सुई नाही. एक थेंब पाच दातांना पुरतो, मिनिटभर लावायचा, वर्षातून दोनदा. कीड थांबते आणि तो भाग कायमचा काळा पडतो. संमती घेताना 'थोडा रंग बदलेल' असे म्हणणे ही फसवणूक ठरेल. आईला काळ्या दाताचा फोटो दाखवावा, आणि पुढच्या दातांबद्दल तिने नकार दिला तर तो मान्य करून फक्त दाढांना लावावे. औषध ओठाला लागू नये म्हणून आधी व्हॅसलीन. कपड्यावर पडले तर डाग जात नाही.

"दुधाचे दात, पडणारच आहेत की!" हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येते, आणि पुढच्या दातांपुरते ते खरेही आहे: ते ६-७ वर्षांना पडतात. पण दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. चार वर्षांच्या मुलाला सहा-सात वर्षे त्याच दाढांनी भाकरी चावायची आहे, हे सांगितले की आई थांबून ऐकते. कीड, जंतू, आम्ल यांचे व्याख्यान इथे नको.

गोड बंद करा, असेही सांगू नये. ते घडत नाही. गोड खाल्ल्यावर तोंडाचा पीएच ५.५ च्या खाली उतरतो, म्हणजे दातातले क्षार निघू लागतील इतके आम्ल होते, आणि सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. पाच रुपयांची पुडी दुपारभर पुरवून खाण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच संपवलेली बरी. बाटलीबाबत मात्र तडजोड नाही: झोपताना बाटलीत फक्त पाणी, आणि साखर रोज अर्धा चमचा कमी करत आठवड्याभरात शून्यावर. मशेरी हिरडीला चोळण्याबद्दल आजीशी बोलायचे, सुनेशी नव्हे. सुनेला सांगितले तर घरात भांडण होते आणि मशेरी चालूच राहते. आजीच्या हातात स्वच्छ ओला फडका द्यावा, म्हणजे तिचे काम तिच्याकडेच राहते.

चिठ्ठी कुठे हरवते

गालाला सूज, ताप किंवा हिरडीवर पुवाची पुटकुळी असेल तर मूल रुग्णालयात जायलाच हवे, आणि सूज डोळ्याकडे सरकत असेल तर त्याच दिवशी. पण चिठ्ठी घेऊन गेलेली आई एका कामाचा खाडा करून जाते. दंतविभाग कुठल्या मजल्यावर, केसपेपर कुठे, हे विचारण्यात सकाळ जाते, आणि "उद्या या" ऐकून परतते. दुसरा खाडा ती करत नाही. मग मुलाचे दुखणे अंगावर काढले जाते.

म्हणून नुसती चिठ्ठी देऊ नये. ज्या दिवशी वस्तीतली मुले जातील तो वार रुग्णालयाशी आधी ठरवावा, एका खेपेला चार-पाच मुले, सोबत आशाताई, आणि परत आल्यावर सेविकेच्या वहीत तीनपैकी एक खूण: झाले, अर्धवट, गेलेच नाही. 'गेलेच नाही'ची यादी पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिल्यांदा वाचायची.

मोजायचे काय

किडलेल्या दातांची सरासरी एका वर्षात उतरेल अशी अपेक्षा ठेवली तर कार्यक्रम अपयशी दिसेल. किडलेला दात भरला तरी तो मोजणीत राहतो. आकडा त्या मुलात उपचाराने कमी होत नाही. म्हणून मुलाला त्याच्याशीच ताडून पाहावे. पहिल्या फेरीत पांढरी रेघ असलेल्या दातांपैकी वर्षाने किती चकचकीत झाले, किती तसेच राहिले, किती फुटले. आणि पूर्वी निरोगी असलेल्या किती दातांवर नवी रेघ आली. त्याबरोबर दोन साधे आकडे: दुसरी फेरी मिळालेली मुले, आणि महिन्यातले ब्रशिंग झालेले दिवस. दर दहा मुलांमागे एक मूल दुसऱ्या तपासणाऱ्याने पुन्हा पाहावे, कारण रेघ ओळखण्यात नजरेचा फरक पडतो. दात पुसून थांबायचे विसरणारा तपासनीस नेहमी कमी रेघा सांगतो.

सहाव्या वर्षी मूल अंगणवाडीतून मनपाच्या शाळेत जाते, आणि नेमकी तेव्हाच दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्या जागी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात तिलाही दुधाचीच समजतात. या दाढेच्या खाचा वेळीच सीलंटने, म्हणजे खाचांत भरायच्या पातळ लेपाने, बुजवता येतात. त्यासाठी सेविकेची वही जूनमध्ये शाळा उघडताच पहिलीच्या वर्गशिक्षिकेकडे जावी: मुलाचे नाव, शेवटच्या वार्निशची तारीख, आणि रेघ किंवा खड्डा असलेल्या दातांवर लाल खूण.